मॅडमच्या नवऱ्याची टीम

आम्ही जिंकलो, हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत पोटात ठेवायला गेले तर मलाच अपचन व्हायचं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांमध्ये बायकांची बास्केटबॉलची स्पर्धा असते, ती आमच्या कंपनीनं जिंकली. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. आमची टीम म्हणजे पहिली शिफ्ट सुटल्यापासून बस निघेपर्यंत कॅन्टीनच्या मागं एकाच रिंगवर खेळणाऱ्या बायका. आणि कोच क्रोएशियाचा. खराखुरा, तिकडच्या मोठ्या क्लबातून खेळलेला. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला की गप्प होतात. त्यांचं ते गप्प होणं मला फार आवडतं, म्हणून मी कुणाकुणाला सांगत असते.

तो आमच्याकडं कोच म्हणून आलाच नव्हता. आला तो आमच्या मॅडमचा नवरा म्हणून. मॅडमही तिकडच्याच, आमच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली तपासणीच्या टेबलावर. कंपनीनं त्यांना तिकडून इथं पाठवलं, तसा त्यांच्याबरोबर हाही आला. राहायला सांगवीचा पूल ओलांडून औंधात. घरी एकट्याला करमेना, म्हणून रोज सकाळी मॅडमच्या गाडीतून नाशिक फाट्याची गर्दी खात चाकणला यायचा आणि दिवसभर कंपनीच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचा. कंटाळा आला की गेटबाहेरच्या टपरीवर चहा. साडेसहा फुटांचा माणूस, एका गुडघ्यात जरा अडखळत चालणारा, टपरीच्या पत्र्याखाली मान वाकडी करून उभा. टपरीवरच त्याचं 'मॅडमचा नवरा' असं बारसं झालं. बायको कामावर आणि नवरा झाडाखाली म्हटल्यावर आमच्याकडचे लोक सोडतात होय? वॉचमनपासून कॅन्टीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची फुकटात करमणूक. त्याला भाषा कळत नव्हती, पण हसणं कळत होतं. तरी रोज चहा प्यायला तिथंच जायचा. त्याच्या या चिवटपणाचं मला पहिल्यापासून कौतुक होतं.

आता आमच्याबद्दल. माझं माहेर दिघीचं. आमच्या शाळेत सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं आणि मी वर्गात सगळ्यांत उंच, त्यामुळं सरांनी मला उचलून रिंगखाली उभं केलं. तिथून मी हलले नाही. डिप्लोमा होईपर्यंत रिंगखालीच खेळले. मग लग्न होऊन चाकणच्या पुढच्या एका गावात आले. सासरचं घर कांद्याचं, बटाट्याचं, जुन्या शेतीवाडीचं. निम्मी जमीन कारखान्यांत गेली, निम्मी उरली, ती माझे मालक बघतात. उंच सून म्हणून सुरुवातीला चेष्टा झाली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या घरात आता माळ्यावर चढायला शिडी लागत न्हाई. मी थोरली सून. धाकटी जाऊ नंतर आली, राजगुरुनगरजवळच्या गावची. बुटकी, पण पायाला स्प्रिंगा. शाळेत कबड्डी खेळलेली. आमच्याच कंपनीत असेंब्लीच्या लाइनवर लागली. मला ताई म्हणते. माझ्याआधी ती चहाचा कप तोंडाला लावत नाही, मग तो गार झाला तरी चालेल.

कॅन्टीनच्या मागं कुणा जुन्या साहेबानं हौसेनं रिंग लावून घेतली होती. तिथं मी एकदा सहज बॉल टाकून दाखवला, धाकटीनं बघितलं, मग लाइनवरच्या आणखी चार पोरी आल्या. एक लातूरची, एक कोकणातली, बाकीच्या आसपासच्या गावांतल्या. पंजाबी ड्रेसच्या ओढण्या कमरेला बांधून आम्ही खेळायचो. गंमत म्हणून चाललेलं होतं, आणि गंमत म्हणून चांगलं चाललेलं होतं.

एक दिवस बॉल उडून थेट बागेत त्याच्या पुस्तकावर पडला. त्यानं तो उचलला आणि आमच्याकडं न देता हातात धरून चालत आला. लांबूनच थांबला. उडी मारली नाही, गुडघा उडी मारू देत नव्हता. नुसतं मनगट हललं. बॉल रिंगच्या कडीला न शिवता जाळीतून खाली आला. आम्ही बघत राहिलो. त्यानं पुन्हा टाकला, पुन्हा तसाच. धाकटी माझ्या कानात म्हणाली की ताई, ह्यो माणूस झाडाखाली बसायचा न्हाई. मला तिचं ते बोलणं इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी मीच जाऊन त्याला माझ्या कंपनीतल्या इंग्रजीत म्हटलं, या, आम्हाला शिकवा.

त्याची हकिकत मला तुकड्यातुकड्यानं कळली. त्याचं गाव समुद्रकाठचं, वडील बोटी दुरुस्त करणारे. गावाचं मैदान धक्क्याला लागून होतं आणि बॉल पाण्यात गेला तर ज्याचा पास चुकला त्यानंच उडी टाकून काढायचा, थंडी असो की काही असो. त्यामुळं आमच्या गावच्या पोरांचे पास चुकत नसत, असं तो म्हणायचा. मिसरूड फुटायच्या आत मोठ्या शहरातल्या क्लबनं त्याला उचललं. तो वर वर जात राहिला. देशाच्या संघाच्या शिबिरात बोलावणं आलं आणि तिथंच सरावात गुडघा गेला. मग उरलेली वर्षं लहान क्लबांतून, परक्या देशांतून, पट्टी बांधून खेळला. खेळणं थांबलं तसा कोच झाला. इथपर्यंत सांगताना त्याचे डोळे चमकायचे. कोच झाल्यानंतरचं मात्र तो सांगत नसे.

ते मॅडमनी सांगितलं, टेबलाशी उभ्या राहून, चहाच्या सुट्टीत. तीन क्लबांनी त्याला काढून टाकलं होतं. खेळ समजत नाही म्हणून नव्हे. खेळ त्याच्याएवढा कुणाला समजत नसेल. काढलं ते ओरडण्यापायी. शेवटच्या क्लबची टीम अंतिम सामन्यात जिंकत आली होती, तेव्हा हा आपल्याच पोरावर सगळ्यांसमोर असा काही तुटून पडला की पोरानं हातपाय गाळले आणि सामना गेला. कोच म्हणून त्यानं एकही करंडक जिंकलेला नव्हता. मॅडमच्या भावाचं तिकडं समुद्रावर हॉटेल आहे. पाहुण्यांना बोटीतून फिरवायचं, टॉवेल द्यायचे, असं काम त्यानं याच्यासाठी राखून ठेवलं होतं. यानं मॅडमना शब्द दिला होता की या बायकांची टीमही मला टिकवता आली नाही, तर मी शिट्टी कायमची खाली ठेवीन आणि हॉटेलात उभा राहीन. मॅडम म्हणाल्या की तो तिथं उभा राहिला तर वर्षभरात म्हातारा होईल. मी ठरवलं की हा माणूस टॉवेल वाटायला जाता कामा नये.

पण ठरवून काय होतंय, तो ओरडायचा खरंच. पहिला महिना गोड गेला. पाय कसे टाकायचे, कोपर कुठं ठेवायचं, बॉलकडं न बघता तो कसा खेळवायचा, हे तो असं शिकवायचा की वाटावं, आम्हाला आधी चालताही येत नव्हतं. त्यात आम्ही स्पर्धेला नाव दिलं आणि त्याचा पारा चढायला लागला. त्याचं एकच दुखणं होतं. बॉल कुणाच्याही हातात असो, तो फिरून फिरून माझ्याकडंच यायचा. समोर रिंग मोकळी असली तरी धाकटी थांबायची, मला शोधायची आणि बॉल माझ्याकडं द्यायची. लातूरची तेच, कोकणातली तेच. मी रिंगखाली उभी, माझ्याभोवती सगळा विरुद्ध संघ गोळा झालेला, आणि त्या गर्दीत बॉल येऊन पडतोय.

त्याला वाटलं, पोरी घाबरतात. मग त्यानं मैदानात ताई म्हणायला बंदी घातली. नावानं हाक मारा म्हणाला. आता धाकटी थोरल्या जावेला नावानं हाक मारणार? ती मुकीच झाली. आवाज नाही, इशारा नाही, खेळ आणखी बिघडला. मग त्यानं तोड काढली, की पाठीवरचा नंबर ओरडायचा. माझा नंबर सात. पुढच्याच सरावात धाकटीनं जीव तोडून हाक मारली, "सात नंबर ताई!" आम्ही सगळ्या हसून खाली बसलो. तो हसला नाही. त्याला हे कोडं सुटत नव्हतं आणि मला त्याला ते समजावता येत नव्हतं, कारण मला स्वतःलाच त्यात कोडं दिसत नव्हतं. थोरलीला आधी द्यायचं, यात न कळण्यासारखं काय आहे?

मग निगडीच्या एका कंपनीबरोबर सरावाचा सामना झाला आणि आम्ही सपाटून हरलो. धाकटीनं रिंगच्या अगदी समोरून बॉल मला द्यायला मागं फेकला आणि तो मैदानाबाहेर गेला. त्यानं पाण्याची बाटली जमिनीवर आपटली आणि तिच्या तोंडासमोर जाऊन त्याच्या भाषेत ओरडला. शब्द कुणाला कळले नाहीत, पण शिवीला भाषांतर लागत नाही. धाकटी रडली नाही. ओढणी सोडून खांद्यावर घेतली आणि बसमध्ये जाऊन बसली. माझं डोकं सणकलं. मी त्याला मराठीतच सुनावलं, जे तोंडाला आलं ते. परदेशातून आलास म्हणून आमच्या पोरींना काय वाट्टेल ते बोलशील काय, तुझी बाटली तुझ्यापाशी ठेव. त्यालाही शब्द कळले नसणार. दुसऱ्या दिवशी रिंगखाली कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तो मात्र येऊन बसत होता, बॉल मांडीवर घेऊन.

धाकटीला मी घरी विचारलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो वरडला त्याचं काय न्हाई ताई. आमचे कबड्डीचे सर तर काठी घ्यायचे. पण तुमाला डावलून मी कशी बॉल टाकू? लोक काय म्हणत्याल?" तिच्या दृष्टीनं तो सामना नव्हताच, ते आमचं घर होतं. मला तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं ते कळेना. मी तव्यावरची भाकरी उलटली.

त्याच आठवड्यात आमच्या गावची जत्रा होती. जत्रेला कंपनीतल्या लोकांना जेवायला बोलवायची पद्धत आहे. मॅडमना बोलावणं आधीच दिलेलं होतं, आणि जत्रेचं आमंत्रण मागं घेणं म्हणजे आमच्याकडं पाप. दोघंही आले. अंगणात मांडव, पंगती बसलेल्या, मटणाच्या रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. त्याला मांडी घालता येत नव्हती, म्हणून सासूबाईंनी त्याला एका पालथ्या टोपलीवर बसवलं आणि पुढं पाट ठेवून त्यावर ताट मांडलं.

आमच्या घरात वाढण्याचा मान थोरल्या सुनेचा. रांधायला दहा जणी असतात, पण रश्श्याचं पातेलं घेऊन पंगतीतून मी एकटी फिरते. कुणाला नळी आवडते, कुणाचे दात पडलेत म्हणून मऊ तुकडा द्यायचा, कुणाच्या सुनेचं नुकतंच बाळंतपण झालंय म्हणून तिला तिखट कमी, कोण लाजून मागणार नाही, हे सगळं चालता चालता बघायचं. थांबायचं नाही, विचारायचं नाही. ज्याला नको असेल तो ताटावर हात आडवा धरेल. आणि एकदा ताटात पडलं की ते खायचंच. वाढलेलं परत करायचं नसतं.

हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो रस्सा संपवायचा, मी पुन्हा वाढायची. त्यानं नको नको म्हणत वाटी उचलून माझ्याकडं परत द्यायला पुढं केली, तशी शेजारी पाणी देणारी धाकटी न राहवून त्याला इंग्रजी-हिंदी एक करून म्हणाली की हे परत करता येत नाही, ताईंनी वाढलंय, आता खावंच लागतं. तो तिच्याकडं बघत राहिला. त्या बाटलीच्या प्रकारानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पुढच्या ताटाकडं गेले, त्याच्या पुढच्या, आणि पंगत संपेपर्यंत त्याची नजर माझ्या हातावर. पंगत उठली तरी हा टोपलीवरच. मॅडम हाका मारत होत्या, हा उठेना. सासूबाई म्हणाल्या, तिखट डोक्यात गेलं जणू, गूळ द्या त्याला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या आधीच तो माझ्या टेबलाशी हजर. त्याआधी धाकटीची माफी मागून आला होता, तिच्या लाइनवर जाऊन, सगळ्यांसमोर, जसा ओरडला होता तसाच सगळ्यांसमोर. मग मला म्हणाला की आजपासून तू रिंगखाली उभी राहायचं नाहीस. बॉल तू घेऊन यायचास, मागून, आणि वाटायचास. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेपासून मी रिंगखालची. उंच बाई मागं ठेवून बुटक्या पोरी रिंगखाली पाठवायच्या, हे कुठलं शहाणपण? मी त्याला म्हटलं, तुमच्या देशात चालत असेल. त्यानं शांतपणे हातानं पातेलं धरल्याची खूण केली आणि पळीनं वाढल्यासारखं केलं. एवढंच म्हणाला, "बॉल तुझ्याकडंच येणार, मी हरलो. तर मग तो तुझ्यापासूनच सुरू होऊ दे."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मैदान मागून बघितलं. आजवर मला लोकांच्या पाठी आणि कोपरं तेवढी दिसायची. आता सगळी पंगत समोर. लातूरची डावीकडून आली की तिला उंच पास आवडतो, कोकणातली लाजरी, ती कधी बॉल मागणार नाही पण तिचा नेम सगळ्यांत पक्का, धाकटी वाऱ्यासारखी आत घुसते. मी पास दिला तशी धाकटी सवयीनं मला परत करायला वळली. मी ओरडले, "वाढलेलं परत करायचं नाही!" तिचा हात थांबला. ती वळली आणि टाकला. गेला आत. मग पुढचा, त्याच्या पुढचा. ताईनं दिलाय म्हटल्यावर टाकणं हा उद्धटपणा उरला नव्हता, उलट न टाकणं हा ताईचा अपमान होता. पोरींच्या हातांतली गाठच सुटली. कोच कडेला उभा राहून मोठ्यानं हसत होता. त्याला इतकं हसताना आम्ही कधी बघितलं नव्हतं.

स्पर्धेत आम्ही धावत सुटलो. पहिला सामना, दुसरा सामना, ज्या निगडीच्या टीमनं आम्हाला लोळवलं होतं तिला उपान्त्य फेरीत आम्ही घरी पाठवलं. तो अजून ओरडायचा, नाही असं नाही, पण ओरडून झालं की बाटली स्वतःच्या मागं लपवून ठेवायचा, आम्हाला दिसेल अशी. टपरीवरचे लोक आता त्याला चहाचे पैसे देऊ देत नव्हते. वॉचमन भाऊ मला रोज विचारायचा, काय राव, मॅडमच्या नवऱ्याची टीम कुठवर आली?

अंतिम सामना शनिवारी, चिंचवडच्या हॉलमध्ये. समोर भोसरीच्या एका जुन्या कंपनीची टीम, दरवर्षी जिंकणारी, उंच, सरावलेली. कंपनीनं बस दिली होती. त्या बसमधून आमच्या गावच्या बायका आल्या, हॉलमध्ये सासूबाई सगळ्यांत पुढच्या पायरीवर. सामना सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून घासाघीस. ते दोन पुढं, आम्ही एक पुढं, ते तीन पुढं. त्यांच्या उंच पोरींना अडवता अडवता माझे फाउल वाढत गेले. शेवटची काही मिनिटं राहिली असताना शिट्टी वाजली आणि माझा पाचवा फाउल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर, पुन्हा आत येणं नाही. आम्ही तेव्हा मागं होतो.

कोचनं टाइमआउट घेतला. पातेलं सांडल्यावर बघावं तशा पोरी माझ्याकडं बघत होत्या. त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसली. मॅडम समोरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडावर. मला माहीत होतं त्यांना काय आठवतंय. असाच एक सामना, असाच शेवट. त्यानं तोंड उघडलं. सगळ्या पोरी खांदे आवळून उभ्या राहिल्या. आणि त्यानं तोंड मिटलं. माझ्या पाठीवर हात ठेवला, मला पोरींच्या मध्ये ढकललं आणि स्वतः दोन पावलं मागं जाऊन बाकावर बसला.

मग मी धाकटीचा हात धरला. बाकीच्या सगळ्या तिच्यापेक्षा मोठ्या, आणि तिला मोठ्यांपुढं चालायची सवय नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता ही वाढणार. हिनं वाढलेलं कुणी परत करायचं नाही."

"ताई, मला न्हाई जमायचं," धाकटी म्हणाली.

"ऐन जत्रेत मी आजारी पडले, तर पाव्हणे उपाशी उठवशील व्हय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मान हलवली. ओढणी नव्हती, तरी सवयीनं कमरेशी हात नेला आणि आत गेली.

ती शेवटची मिनिटं मी कोचशेजारी बसून काढली. त्याचा चांगला गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. धाकटीनं पहिला पास लातूरच्या पोरीला दिला, उंच, तिला आवडतो तसा. बास्केट. मग कोकणातल्या पोरीला, जी कधी मागत नाही. ती दचकली, पण परत केला नाही, टाकला. बास्केट. माझ्या लक्षात आलं की ही इतके दिवस नुसती मला बॉल देत नव्हती, मी काय करते ते बघत होती. मला तिचा फार अभिमान वाटला. बरोबरी झाली. भोसरीवाल्यांनी एक टाकला आणि पुन्हा पुढं गेले. आम्ही फ्री थ्रोवर एक पॉइंट काढला. एकानं मागं, वेळ संपत आलेली, बॉल धाकटीच्या हातात.

सगळ्या हॉलला माहीत होतं की ती पास देणार. भोसरीच्या पोरींनाही. त्या आमच्या चौघींना चिकटून उभ्या राहिल्या, आणि मधली वाट मोकळी झाली. धाकटीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, सगळ्यांची ताटं बघून घ्यावीत तसं. मग कबड्डीची चढाई करतात तशी खाली वाकून एकदम आत घुसली. दोघी तिच्यावर धावल्या, ती त्यांच्या हातांखालून निघाली, आणि बुटकी पोर अशी वर उठली की कुणी वरून ओढून घेतलं असावं. बॉल फळीला लागला, कडीवर थबकला आणि आत पडला. भोंगा वाजला.

हॉलमध्ये काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. सगळ्या पोरी एकीच्या अंगावर एक. गावच्या बायका मैदानात. लातूरची पोरगी रडत होती आणि हसत होती. सासूबाईंना आत यायला कुणी तरी अडवलं, तर त्या अडवणाऱ्यालाच सांगू लागल्या, "माझी सून हाय ती. आधी समद्यांना वाढलं आन् मग जेवली, बघितलंस का?" मी धाकटीला उचललं, खरंच उचललं, माझी उंची त्या दिवशी कामी आली. ती माझ्या कानात एकच म्हणत होती, ताई मी टाकला, ताई मी टाकला.

कोच बाकावरून उठलाच नव्हता. चेहरा दोन्ही हातांत धरून बसला होता. मॅडम पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आल्या आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या. करंडक घ्यायला कोचला बोलावलं, तेव्हा तो गेला, माझ्या आणि धाकटीच्या मध्ये उभा राहिला, आणि करंडक हातात आल्यावर त्यानं तो लहान बाळासारखा असा काही धरला की परत मागायची कुणाची छाती झाली नाही. फोटोत सगळे हसताहेत, तो एकटा रडतोय. लोक गप्प होतात तो हाच फोटो.

सोमवारी मी कामावर गेले. हात दुखत होते, टेबलावरचे भाग नेहमीचेच. चहाच्या सुट्टीत मॅडम आल्या. डोळे सुजलेले होते. माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या, आजवर कधी बसल्या नव्हत्या. म्हणाल्या की काल सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला होता, हॉटेलात कधीपासून येतोस म्हणून विचारायला. फोन नवऱ्यानं घेतला. मी विचारलं, काय म्हणाला? मॅडम म्हणाल्या, त्यानं सांगितलं की मला जमणार नाही, मी कोच आहे.

मी हातातला भाग खाली ठेवला आणि तिथंच, कामाच्या वेळेत, मॅडमचा हात धरून रडले. त्याही रडल्या. लाइनवरचे लोक बघत होते, बघू देत. शिफ्ट सुटली तेव्हा कॅन्टीनच्या मागून त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. दुसऱ्या कंपन्यांच्या बायका येऊन थांबल्या होत्या, आम्हालाही घ्या म्हणून, आणि तो त्यांना रांगेत उभं करत होता. मी बूट हातात घेतले आणि धाकटीला हाक मारून पळत सुटले.